सोनं जळगावात, पहारा समुद्रावर

जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या वयस्कर माणसापुढे 'चौदा कॅरट' एवढं नुसतं म्हणून बघा. तो सोन्याच्या शुद्धतेवर बोलणार नाही, १९६३ सालावर बोलेल. चीनबरोबरचं युद्ध नुकतंच संपलं होतं, देशाची परकीय गंगाजळी आटली होती आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी आली. म्हणजे शंभर ग्रॅमच्या दागिन्यात जेमतेम ५८ ग्रॅम सोनं आणि बाकी तांबं-चांदी.

सोनाराच्या बाजूने पाहिलं तर ही शिक्षाच होती. लहानपणापासून बागेसरीपुढे बसून, फुंकणी फुंकत त्याने एकच विद्या शिकलेली असते, सोन्यातलं हीण काढण्याची. कायद्याने त्याला हीण घालायला बसवलं. चौदा कॅरटचं सोनं कडक, रंगाने तांबूस. पोत किंवा एकदाणीचे नाजूक मणी त्यातून मनासारखे उतरत नाहीत. गिऱ्हाईकही 'हे आमच्या लेकीला नको' म्हणून परत फिरायचं. देशभरात हजारो सोनारांनी धंदा सोडला, काहींनी जीव दिला. चौदा कॅरटची अट १९६६ साली निघाली, पण नियंत्रण गेलं नाही. १९६८ साली त्याचा रीतसर कायदा झाला. सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा बिस्कीट घरात ठेवायला बंदी, सराफाला परवाना, वहीत ग्रॅमग्रॅमची नोंद, आणि बाहेरून सोनं आणायचा सरळ रस्ता बंद.

भारतीय तटरक्षक दलाचा इतिहास लिहिताना सुरुवात बहुधा जहाजांपासून होते. मला ती सराफ बाजारापासून करावीशी वाटते, आणि मी खान्देशातला आहे एवढंच त्याचं कारण नाही. आमच्या जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. तापी आमच्या भुसावळावरून वाहते आणि खाली सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध. पण ज्या गोष्टीमुळे भारताला समुद्रावर पोलीस ठेवावे लागले ती गोष्ट आमच्यासारख्या समुद्र नसलेल्या गावांतली होती. सोन्याची हौस इथे, त्यावरचा कायदा दिल्लीत. या दोहोंच्या मधली फट समुद्रावर उघडली.

कॅनव्हासचं जाकीट

फट म्हणजे भावातला फरक. जगाच्या बाजारात सोनं स्वस्त, भारतात महाग. दुबईत सोनं विकत घेणं आणि तिथून बाहेर नेणं, दोन्ही कायदेशीर होतं. बेकायदा होतं ते फक्त भारताच्या किनाऱ्याला लावणं. लाकडी ढाऊ सोनं घेऊन निघायची, किनाऱ्यापासून दूर थांबायची, आणि रात्री मासेमारीच्या होड्या तिला जाऊन भिडायच्या. सोनं यायचं दहा तोळ्यांच्या बिस्किटांत. एक बिस्कीट ११६ ग्रॅमच्या थोडं वर, काडेपेटीहूनही लहान. ती बिस्किटं कॅनव्हासच्या जाकिटाच्या बारीक बारीक खिशांत शिवलेली असत. एका जाकिटात शंभर बिस्किटं, म्हणजे साडेअकरा किलोहून जास्त सोनं. जाकीट अंगात घालून वर सदरा चढवला की माणूस थोडा जाड दिसायचा, इतकंच. परतीच्या फेरीला ढाऊ रिकामी जात नसे; भारतातली चांदी तिकडे जायची.

पश्चिम किनारा यासाठीच देवाने घडवला असावा, इतका सोयीचा. खाड्या, खडक, छोटी बंदरं, आणि मुंबईची प्रचंड पेठ हाकेच्या अंतरावर. कस्टमकडे बोटी होत्या, पण तस्करांच्या होड्यांचं इंजिन त्यांच्याहून ताकदवान. नौदलाला बोलवावं तर युद्धनौका लढाईसाठी बांधलेली. तिने मच्छीमार होडीमागे धावणं म्हणजे उंदीर धरायला हत्ती सोडणं. शिवाय पकडल्यावर पुढे काय? झडती, जप्ती, अटक, पंचनामा ही पोलिसी कामं. शांततेच्या काळात समुद्रावर ती करायची कुणी, हे कुठल्याही कायद्यात नीट लिहिलेलं नव्हतं.

१९७१ साली नागचौधरी समितीने किनाऱ्यावर गस्त हवी आणि मासेमारी होड्यांची नोंदणी हवी असं सांगितलं होतं. पण गोष्टी हलल्या १९७४ साली. फेब्रुवारीत तेलखोदाईच्या 'सागर सम्राट'ला मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये, तेल लागलं, आणि समुद्रात राखण करण्याजोगं काहीतरी आपल्या मालकीचं आहे हे दिल्लीला पहिल्यांदा लख्ख कळलं. सप्टेंबरात सरकारने तस्करांवर खटल्याविना डांबण्याचा 'मिसा' कायदा लावला. हाजी मस्तानसारखी नावं तुरुंगात गेली. डिसेंबरात त्यांच्यासाठी खास 'कोफेपोसा' कायदा आला. त्याच सप्टेंबरात, नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्या आग्रहानंतर, समुद्रावरच्या पहाऱ्याचा विचार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. ते नौदलातले नव्हते. ते पोलीस होते.

कामठीचा माणूस

खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६चा, नागपूरजवळच्या कामठीचा. समुद्रापासून इतकं दूरचं गाव महाराष्ट्रात शोधूनच सापडेल. १९३८ साली ते इंग्रजी अमलातल्या पोलीस सेवेत आले आणि त्यांना मध्य प्रांत-वऱ्हाड मिळाला. १९५२ ते १९५८ अशी सहा वर्षं ते पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते. गर्दीत बेधडक घुसणाऱ्या त्या पंतप्रधानामागे धावताना त्यांनी जे पाहिलं ते रोजनिशीत लिहून ठेवलं. लिहिण्याची ही सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

नागपूर मुंबई राज्यात आलं, रुस्तमजी मध्य प्रदेशात राहिले. तिथे ते पोलीस महानिरीक्षक झाले तेव्हा चंबळचं खोरं दरोडेखोरांनी पेटलेलं होतं. खरा गब्बरसिंग, ज्याच्या नावावरून 'शोले'तला गब्बर आला, तो १९५९ साली त्यांच्याच कारकिर्दीत मारला गेला. १९६५च्या पाकिस्तान युद्धानंतर सरहद्दीसाठी एकच केंद्रीय दल हवं असं ठरलं. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभं राहिलं आणि त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी झाले. निरनिराळ्या राज्यांच्या पोलीस बटालियन गोळा करून त्यांनी त्यांतून एक दल घडवलं, आणि सहाच वर्षांत ते दल बांगलादेशच्या युद्धात उतरलं.

१९७४ साली समुद्र त्यांच्या पुढ्यात आला तेव्हा त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी ॲडमिरलांकडे नव्हती. एक अख्खं दल शून्यातून उभं करताना काय काय लागतं, हे त्यांना हाताने माहीत होतं. समितीत नौदल, हवाई दल आणि महसूल खात्याची माणसं होती. ३१ जुलै १९७५ रोजी अहवाल आला. समुद्रावर स्वतंत्र दल हवं, एवढंच अहवालात असतं तर त्यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. आयुष्य पोलिसात काढलेल्या, गृहखात्यात सचिव म्हणून बसलेल्या या माणसाच्या समितीने सांगितलं, हे दल संरक्षण खात्याखाली ठेवा.

आपल्या खात्याच्या ताटातलं असं दुसऱ्याला वाढणारे अधिकारी सरकारात फार नसतात. मंत्रिमंडळ सचिवांचं मत नेमकं उलट पडलं. दल गृहखात्याकडे असावं असं त्यांनी सुचवलं. शेवटी इंदिरा गांधींनी समितीचं म्हणणं मानलं. जहाज चालवणं, दुरुस्त करणं, वादळात टिकणं ही नौदलाची विद्या आहे, तिच्याजवळच हे दल वाढेल, हा त्यातला व्यवहार.

या तडजोडीची खूण आजही तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर दिसते. गणवेश जहाजावरचा, पण हुद्दे बघा: असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट, मग डीआयजी, आयजी, अतिरिक्त महासंचालक, आणि सर्वांत वर महासंचालक. ही नावं कॅप्टन-कमोडोरची नाहीत, पोलीस मुख्यालयाच्या पाटीवरची आहेत.

सात नौका, वीस लाख चौरस किलोमीटर

ऑगस्ट १९७६मध्ये सागरी क्षेत्रांचा कायदा झाला आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने हक्क सांगितला. जानेवारी १९७७पासून तो अमलात आला. क्षेत्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसहा महाराष्ट्र मावतील एवढं. त्याच्या राखणीला १ फेब्रुवारी १९७७ रोजी जे हंगामी दल निघालं त्याच्याकडे नौका होत्या सात. 'कुठार' आणि 'कृपाण' या नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट, आणि पाच गस्ती नौका. त्यांतली एक 'पनवेल', जी १९७१ साली बांगलादेशातल्या खुलन्याच्या नद्यांत घुसून लढली होती. व्हाइस ॲडमिरल व्ही. ए. कामत हे पहिले महासंचालक.

मग मार्चच्या निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या. तटरक्षक दलाचा कायदा १८ ऑगस्ट १९७८ रोजी लागू झाला आणि दुसऱ्या दिवशी नव्या पंतप्रधानांच्या हस्ते दलाचं रीतसर उद्घाटन झालं. ते पंतप्रधान होते मोरारजी देसाई. १९६३ साली ज्यांच्या सहीने सोनाराची बागेसरी विझली, त्याच हातांनी पंधरा वर्षांनी त्या सोन्यामागे धावणारं दल सुरू करून दिलं. हा विनोद त्या दिवशी कुणाच्या लक्षात आला की नाही कोण जाणे. आमच्या बाजारात मात्र तो नक्की कळला असता.

दल सावकाश वाढलं. दलासाठी खास बांधलेलं मोठं गस्ती जहाज 'विक्रम' मुंबईच्या माझगाव गोदीतून १९८३ साली आलं. काही जहाजांना इतिहासातल्या कर्त्या स्त्रियांची नावं दिली गेली: जिजाबाई, चांदबीबी, ताराबाई, अहल्याबाई, लक्ष्मीबाई. पहिली कित्येक वर्षं वरच्या खुर्च्यांत नौदलातून आलेले ॲडमिरल होते. १९८०मध्ये तटरक्षक दलातच दाखल झालेले राजेंद्र सिंह महासंचालक झाले तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं.

'ताराबाई'चा पाठलाग

या दलाचं काम एकाच प्रसंगातून दाखवायचं तर मी नोव्हेंबर १९९९चा निवडीन. 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं, पनामाचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज २२ ऑक्टोबरला सुमात्राच्या क्वाला तांजुंग बंदरातून सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमच्या विटा घेऊन जपानकडे निघालं. काही तासांतच चाच्यांनी ते ताब्यात घेतलं. सतरा खलाशांना आठवडाभर डांबून ठेवलं आणि मग एका रबरी तराफ्यावर समुद्रात सोडून दिलं. दहा-अकरा दिवस ते भरकटत होते. एका थाई मच्छीमार होडीने त्यांना उचललं तेव्हा कुठे जगाला कळलं की जहाज गेलं.

क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सर्व जहाजांना वर्णन कळवलं. नोव्हेंबरच्या मध्यात एका कुवेती टँकरला हिंदी महासागरात तशाच आकाराचं जहाज दिसलं. नाव वेगळं होतं, 'मेगा रामा', झेंडा बेलीझचा. नाव पुसता येतं, जहाजाची बाह्याकृती पुसता येत नाही. तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान आणि 'ताराबाई' जहाज त्याच्या मागावर निघालं. थांबण्याचे इशारे झाले, पुढ्यात गोळ्या टाकल्या गेल्या, जहाज थांबेना. नौदलाची क्षेपणास्त्र नौका 'प्रहार' मदतीला आली. १६ नोव्हेंबरला, गोव्याच्या पश्चिमेला खोल समुद्रात, जहाज थांबलं. आतल्या पंधरा इंडोनेशियनांनी तोवर जहाजाला आग लावली होती आणि ते बुडवण्यासाठी आत पाणी घेतलं होतं. भारतीय खलाशांनी आग विझवली, पाणी उपसलं आणि जहाज ओढत मुंबईला आणलं. जवळजवळ निम्मं ॲल्युमिनियम तोवर वाटेत विकलं गेलं होतं.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कान्होजी आंग्रे ज्या पाण्यावर दस्तकं देत आणि दस्तक नसलेली जहाजं धरत, त्याच पाण्यावर हे घडलं; आणि ज्या महाराणीच्या पक्षात कान्होजी दीर्घ काळ होते तिच्याच नावाच्या जहाजाने घडवलं. खुल्या समुद्रावर पळवलेलं व्यापारी जहाज असं धरून आणल्याची उदाहरणं त्या काळात जगातही मोजकीच होती. कौतुक सगळीकडून झालं.

मग खटला मुंबईत उभा राहिला, आणि लक्षात आलं की भारतीय दंडसंहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नाही. दरोड्याची आणि इतर कलमं जुळवून, इंग्रजांच्या काळातल्या जुन्या सागरी कायद्याचा आधार घेऊन खटला चालवावा लागला. २००३ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली. २००५ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. 'ताराबाई'ने समुद्रावर जे कमावलं ते जमिनीवर हातातून निसटलं. चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने मंजूर केला डिसेंबर २०२२मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी.

भोक कुठे आहे

समुद्रावरचं काम जमिनीवर निसटल्याचा हा एकच प्रसंग असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण १९९३च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली ती सोन्या-चांदीच्याच जुन्या वाटेने, जुन्याच माणसांच्या मदतीने. पुढे खटल्यात कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. वाट समुद्राची होती, पण ती उघडून देणारे हात जमिनीवरचे होते. त्या वर्षीच्या मुंबईतल्या स्फोटांनंतर 'ऑपरेशन स्वान' नावाने संयुक्त गस्त सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा दहशतवादी तरीही मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून उतरले. त्यांनी पळवलेली 'कुबेर' ही मासेमारी नौका दुसऱ्या दिवशी तटरक्षक दलाला सापडली; तिच्या तांडेलाला त्यांनी मारलं होतं. हजारो होड्यांत कोणती कुणाची हे समुद्रावरून ओळखायचं तर बंदरात त्यांची नोंद आणि खलाशांची ओळखपत्रं लागतात, आणि होड्यांच्या नोंदणीचं नागचौधरी समितीने १९७१ सालीच सांगून ठेवलं होतं. फेब्रुवारी २००९मध्ये किनारपट्टीच्या सागरी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे स्पष्ट शब्दांत सोपवली गेली.

आणि सोन्याचं काय झालं? १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं कर भरून आणता येऊ लागलं. भावातली फट मिटली तशी ढाऊंतून येणारी बिस्किटंही ओसरली. तीस वर्षं कस्टमच्या बोटींना, 'मिसा'ला आणि 'कोफेपोसा'ला जे पुरतं साधलं नव्हतं ते एक कायदा मागे घेतल्याने साधलं. पुढे आयातकर वाढला तेव्हा सोन्याने विमानतळाची वाट धरली; जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात कर पंधरावरून सहा टक्क्यांवर आणावा लागला. फट पडली की सोनं वाट काढतं. पहारेकरी कितीही तयारीचा असला तरी फट त्याच्या हातात नसते.

रुस्तमजींना हे उमगलं असावं असं त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामावरून वाटतं. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कैद्यांवर त्यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लेख लिहिले. त्या लेखांवरून ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. भारतातल्या जनहित याचिकेची सुरुवात त्यातून झाली. पकडणं हा पोलिसाच्या कामाचा अर्धाच भाग आहे, उरलेला अर्धा कायद्याच्या पुस्तकात आणि न्यायालयात आहे, हे माणसं पकडण्यात आयुष्य घालवलेला अधिकारी सांगत होता. १९९१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. २००३ साली ते गेले; त्याच वर्षी 'अलोंड्रा रेनबो'च्या आरोपींना शिक्षा झाली होती.

आज दलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय वरळीला आहे. डहाणू, मुरूड-जंजिरा, रत्नागिरी अशी ठाणी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहेत. आमच्याकडची मुलं पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात, सैन्य भरतीच्या रांगेत उभी राहतात, पण तटरक्षक दलाचा अर्ज फारशी भरत नाहीत. आपल्याकडे समुद्र कुठे आहे, असं त्यांना वाटतं. त्यांना कामठीचं उदाहरण सांगावं. या दलात अधिकारी व्हायला गावात समुद्र लागत नाही. पदवी लागते, आणि बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं.